अष्टकोनी बिल्ल्याच्या गाडीचं इंजिन

गिऱ्हाईक दुकानात आलं की इंजिनाबद्दलचं त्याचं पहिलं वाक्य हमखास खोटं असतं. "ओरिजिनल आहे, मिस्त्री. कधी खोललंच नाही." अंबरनाथ पूर्वेच्या माझ्या शेडमध्ये हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की ऐकताऐकता माझा हात आपोआप पान्याकडे जायचा. माणूस खोटारडा असतो असं नाही. ज्याने त्याला गाडी विकली त्याने तेच सांगितलेलं असतं, आणि त्याच्या आधीच्यानेही तेच. गाड्यांच्या बाबतीत माणसं बहुधा दुसऱ्याचं खोटं प्रामाणिकपणे सांगतात.

माझा धंदा इंजिन रिकंडिशनिंगचा. म्हणजे झिजलेलं इंजिन पूर्ण सोडवायचं, सिलिंडरची भोकं यंत्रावर पुन्हा गोल करायची, त्यात बसेल असा जाडा पिस्टन टाकायचा, आतला क्रँक, म्हणजे फिरणारा दांडा, घासून गुळगुळीत करायचा आणि सगळं जोडून मालकाच्या हवाली करायचं. एका मोठ्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून हे शिकलो आणि ऐंशीच्या सुमारास स्वतःची शेड टाकली. पक्की नोकरी सोडलेली वडिलांना मुळीच आवडली नाही. पुढे कितीतरी दिवस ते शेजाऱ्यांना "पोरगा कारखान्यातच आहे" असं सांगत राहिले.

पण माझं नाव झालं ते दुसऱ्याच कामासाठी. एखाद्या गाडीत बसलेलं इंजिन मूळचं कुठलं, ते ओळखून देण्यासाठी. तेव्हा नवं इंजिन सहजी मिळत नसे, आणि परदेशी गाडीचं तर स्वप्नातही नाही. मग गाडी चालू राहावी म्हणून तिच्या पोटात जे बसेल ते बसवलं जायचं. इंजिनावर नंबराची एक छोटी पत्र्याची पट्टी रिबिटांनी ठोकलेली असते. ती या इंजिनावरून काढून त्या इंजिनावर लावणं हे दहा मिनिटांचं काम, त्यामुळे पट्टीवर मी कधी विश्वास ठेवला नाही. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं मुख्य धड. तो बीड हे ठिसूळ लोखंड ओतून बनवतात, आणि ओततानाच त्याच्या अंगावर काही अक्षरं आणि आकडे उठलेले असतात. ते जन्मखुणेसारखे असतात. घासून काढले तर घासल्याची खूण राहते.

अडचण एवढीच, की त्या अक्षरांपर्यंत पोचायचं कसं. वर तेल, तेलावर धूळ, त्यावर रंगाचे थर आणि सगळ्यांच्या वर दसऱ्याचं हळदकुंकू. आम्ही बौद्ध. माझ्या शेडमध्ये दसऱ्याला मशिनं डिझेलने धुतली जायची आणि सगळ्यांना पेढे मिळायचे, बस. पण गिऱ्हाइकांची इंजिनं वर्षानुवर्षांची पूजा अंगावर घेऊन यायची. ते कुंकू तेलात मुरून असं घट्ट बसतं की पत्र्याने खरवडावं लागतं, आणि खरवडताना मालकाचा चेहरा कसनुसा होतो. म्हणून मी आधी त्याची परवानगी विचारायचो. नाही कोणी म्हणालं नाही, पण विचारल्याने त्यांना बरं वाटायचं.

एकदा बदलापूरचे एक गृहस्थ जीप घेऊन आले. इंजिन कंपनीचंच, शपथेवर. मी खरवडलं तर ते निघालं मच्छीमार बोटीचं. बाजूला समुद्राचं पाणी खेचणारा पंप बसवण्याची जागा तशीच होती आणि आतून खाऱ्या पाण्याने बिडाची चाळणी केलेली. मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मग यंदा पुरात चालेल का?" अशा माणसांपुढे मी हात टेकले.

धंद्यातला आणखी एक रिवाज सांगायला हवा, त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. मेकॅनिकने कुठलाही भाग बदलला तर जुना भाग तो मालकाला परत देतो. तुटलेला, जळलेला, कसाही असो, गोणपाटात गुंडाळून हातात देतो. नव्याचे पैसे घेतले आणि नवं बसवलंच नाही, असा संशय राहू नये म्हणून. मालक तो घरी नेतो, मग भंगारात घालो नाहीतर दाराला अडसर म्हणून ठेवो. हा कायदा नाही, पण जो तो पाळत नाही त्याच्याकडे दुसऱ्यांदा कोणी जात नाही.

आता त्या गाडीकडे येतो. नव्वदनंतरची गोष्ट. एका दुपारी कॅम्प तीनहून, फाळणीत आलेल्या सिंध्यांच्या जवळच्याच वस्तीतून, एक मुलगी शेअर रिक्षाने माझ्या शेडवर आली. कविता तिचं नाव, मोहनशेठची मुलगी. मोहनशेठचा जीन्स शिवण्याचा कारखाना होता. त्याच कारखान्याला मधोमध भिंत घालून पलीकडच्या अर्ध्या भागात त्यांचे थोरले भाऊ टहिलदादा, म्हणजे कविताचे बडे पापा, चेन आणि बटणं बनवायचे. दोन्ही भाऊ सिंधी, दोघंही माझी जुनी गिऱ्हाइकं. भावांत अबोला होता. तो इतका कडक, की मोहनशेठ जीन्सला लागणाऱ्या चेन भिंतीपलीकडून न घेता कल्याणहून मागवायचे.

अबोल्याचं कारण गाडी होती. या दोघांच्या वडिलांनी, फाळणीत सगळं सोडून आल्यावर, पंधरा-वीस वर्षांनी हौसेने एकच वस्तू घेतली. अंबरनाथच्या एका कारखान्यातला इंग्रज इंजिनिअर मायदेशी चालला होता, त्याची दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स गाडी. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. दोन इंग्रजी अक्षरं आणि अष्टकोनी बिल्ला म्हटलं की जाणकारांनी ओळखलंच असेल. बाबा गेल्यावर मोहनशेठनी ती गाडी मुंबईत जुन्या गाड्यांच्या रॅलीत नेली. तिथल्या एका जाणत्या पारशी गृहस्थांनी बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं आणि सांगितलं, हे इंजिन मूळचं नाही, हे ॲम्बॅसडरचं आहे. ते गृहस्थ बरोबर होते. पण मोहनशेठच्या मनात लगेच हिशेब जुळला. काही वर्षांपूर्वी ते आजारी पडून अंथरुणाला खिळले होते, तेव्हा गाडी टहिलदादांच्या ताब्यात होती, आणि त्याच दिवसांत टहिलदादांनी कारखान्यात नवी मशिनं घेतली होती. म्हणजे दादांनी बाबांचं इंजिन विकलं. त्यांनी तोंडावर विचारलं. टहिलदादांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. भिंत त्यानंतर आली.

"माझं लग्न ठरलंय, मिस्त्री अंकल," कविता म्हणाली. "पप्पांना मला त्या गाडीतून हॉलवर न्यायचंय. गाडीत दोनच सीट. मी सांगितलं, चालवतील तर बडे पापा, नाहीतर मी रिक्षाने जाईन."

"मग पप्पा काय म्हणाले?"

"म्हणाले, दादाने इंजिन विकलं नाही असं कोणी साबित केलं, तर मी स्वतः जाऊन त्यांच्या पाया पडेन. तुम्ही बघा ना. तुम्ही बोललात तर पप्पा मानतील. लहानपणी बडे पापा मला त्याच गाडीतून फिरवायचे. ते लग्नाला नसतील तर मला काही नको." हे बोलताना ती रडली नाही. रागावलेली होती, आणि मला ते जास्त खरं वाटलं.

मी दुसऱ्याच दिवशी गेलो. मोहनशेठनी गाडीवरची ताडपत्री काढली. गाडी क्रीम रंगाची, ठेंगणी, तारांच्या चाकांची, आणि इतकी देखणी की मी उगाचच हात पुसून घेतले. बॉनेट उघडून कामाला लागलो. मी खरवडत होतो आणि मोहनशेठ बाजूच्या स्टुलावर बसून त्यांचा आवडता किस्सा सांगत होते. हा किस्सा मी आधीही ऐकला होता. कॅम्प तीनमध्ये कोणी ऐकला नसेल असं नाही.

"बाबा बोलत होते, मोहन से कुछ नहीं होगा. ऐन श्रावणात मी एकटा गाडी घेऊन माळशेजवर गेलो. घाटात इंजिन असं गरम झालं, रेडिएटरमधून नुसती वाफ. दुसरा कोणी असता तर गाडी सोडून एसटीने आला असता. मी काय केलं? झऱ्याचं थंडगार पाणी डब्यात भरलं आणि लगेच ओतलं. लगेच. मग दर दोन-तीन मैलांवर थांबायचं, पाणी भरायचं, पुढे. असं करत बाबांची गाडी घरी आणली. बाबांनी पाठीवर हात ठेवला, मिस्त्री. पूर्ण कॅम्पसमोर."

त्याच झऱ्याचं पाणी ते स्वतःही प्यायले होते. पंधरा-वीस दिवसांत कावीळ झाली आणि दीड-दोन महिने अंथरुणावर गेले.

मी ऐकत होतो, पण लक्ष हाताखाली होतं. नंबराची पट्टी मूळची होती, इंग्लंडची, नंबरही कागदपत्रांशी जुळणारा. रिबिटं मात्र आपल्याकडची. पट्टीखालून ब्लॉकवरची ओतीव अक्षरं वर आली, आणि ती आपल्या देशातल्या फाउंड्रीची होती. ॲम्बॅसडर, शंका नाही. इथे बाहेरच्या वाचकांसाठी एक सांगतो. आपली ॲम्बॅसडर आणि ही परदेशी सुंदरी यांची त्या काळातली इंजिनं मुळात एकाच घराण्यातली. एक भाऊ इंग्लंडमध्ये शर्यतीत धावला, दुसरा आपल्याकडे टॅक्सीला लागला, एवढाच फरक. त्यामुळे एकाच्या जागी दुसरा थोडं घासूनपुसून बसतो, आणि वरवर बघणाऱ्याला कळतही नाही.

पण मग मी वरचा भाग पाहिला आणि थांबलो. ब्लॉकच्या वर बसतं त्याला हेड म्हणतात. हेड मूळचं होतं. दोन्ही कार्बोरेटर मूळचे. डायनॅमो, ऑइल फिल्टरची बैठक, सगळं मूळचं. बदलला होता तो फक्त ब्लॉक.

"शेठ," मी म्हटलं, "इंजिन बदललंय हे खरं. पण विकायला काढलं असतं तर पहिल्यांदा काय गेलं असतं? हे दोन कार्बोरेटर. बाजारात मागणी यांनाच. नुसता ब्लॉक काढून विकणारा आणि हे सोडून देणारा माणूस मी अजून पाहिला नाही. ब्लॉक खराब झाला असणार, म्हणून बदललाय."

मोहनशेठ उठून जवळ आले. त्यांना पटावं असं वाटत होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं, आणि म्हणूनच ते हट्टाला पेटले. "मग जुना ब्लॉक कुठे आहे? खराब झाला तर मेकॅनिकने परत दिला असेल ना? गाडी बाबांची होती. बाबांना दाखवला नाही, मला दाखवला नाही. चोरी नव्हती तर लपवलं का?"

शेठचं बरोबर होतं. रिवाज मलाच माहीत होता.

भिंतीला वळसा घालून मी टहिलदादांकडे गेलो. त्यांच्या घरी कोणीही गेलं की आधी पाणी आणि भाजलेला पापड समोर येतो, मग बोलणं. पापड खाऊन झाला तरी दादा ताकास तूर लागू देईनात.

"ब्लॉक भंगारमध्ये दिला," ते म्हणाले.

"दादा, तुम्ही तुटकी चेन भंगारात देत नाही."

"मिस्त्री, तुम्ही लोखंडाचे डॉक्टर. घरच्या गोष्टीत कशाला हात घालता?"

"मुलगी आली होती माझ्याकडे. कविता."

त्यांनी पापडाची रिकामी ताटली बाजूला सारली. मग म्हणाले, "तिला बोला, बडे पापांचा आशीर्वाद आहे. येण्याची काय जरूर." आणि उठून आत गेले.

मी विषय सोडून दिला असता. पण टहिलदादांची बारवी धरणाच्या वाटेवर थोडी जमीन होती, ती बाळाराम नावाचा तिथलाच शेतकरी कसायचा, आणि तिथल्या डिझेल पंपाचं काम माझ्याकडे होतं. त्याच आठवड्यात पंप बंद पडल्याचा निरोप आला. मी बदलापूरला उतरून पुढे गेलो. नदीकाठी पंप होता, आणि पुरात वाहून जाऊ नये म्हणून तो दोरखंडाने एका अवजड लोखंडी ठोकळ्याला बांधलेला होता. ठोकळ्याला चार गोल भोकं होती. चारांतल्या एका भोकात कोणीतरी अळूचं रोप लावलं होतं.

"बाळाराम, हे कुठून आलं?"

"ह्यो लय जुना हाय. शेठनी टेंपोत घालून आनला व्हता," बाळाराम म्हणाला. "बोल्ला, याला इकाचा नाय, फेकाचा पन नाय. दर साली येतो तवा एक डाव बघून जातो. मी बोल्लो, शेठ, देव हाय का काय? तर हासला."

मी गवत बाजूला केलं. अक्षरं इंग्लंडची होती. कोपऱ्यात पट्टी काढल्याच्या रिबिटांच्या खुणा. हा तोच ब्लॉक. मग बाजू बघत गेलो आणि तडा सापडला. पाणी खेळतं त्या बाहेरच्या भिंतीतून निघून तो वर, मधल्या दोन सिलिंडरांच्या बेचक्यात गेला होता. बाहेरची चीर ठिगळ लावून बुजवता येते. सिलिंडरांमधली नाही.

असा तडा आपल्याकडे बहुतेक एकाच कारणाने जातो. कंदिलाची तापलेली चिमणी आठवा. तिच्यावर पाण्याचा थेंब पडला की तडकन फुटते. बिडाचंही तेच. इंजिन उकळत असलं की थांबायचं, तास-दीड तास काही करायचं नाही, निवू द्यायचं. आणि पाणी ओतलंच तर चालू इंजिनात, थोडं थोडं. घाटात, वाफ निघत असताना, झऱ्याचं बर्फासारखं पाणी डबाभर ओतलं तर ब्लॉक जिवंत राहत नाही. आणि दर दोन-तीन मैलांवर पाणी का भरावं लागलं, तेही आता कळलं. भरलेलं पाणी तड्यातून रस्त्यावर गळत होतं.

मी त्या ठोकळ्यावर बसलो. बाळाराम विचारत होता पंपाला काय झालंय, आणि मी त्याला काहीतरी उत्तर देत होतो. इतकी वर्षं ज्या पराक्रमाचा किस्सा सगळा कॅम्प ऐकत आला, त्याच पराक्रमाने इंजिन मारलं होतं.

परत येताना तसाच टहिलदादांकडे गेलो. या वेळी पापडाआधीच बोललो. "दादा, मी ब्लॉक पाहिला. तडाही पाहिला."

त्यांनी कारखान्याचं दार लावून घेतलं. भिंतीपलीकडे शिलाई मशिनं चालू होती, त्यामुळे हळू बोलायची तशी गरज नव्हती, तरी ते हळूच बोलले.

"तो पिवळा होऊन खाटेवर पडला होता. मी गाडी बघितली, खाली पाणी गळत होतं. कुर्ल्याला नेली, इथे कोणाला कळू नये म्हणून. तिथला मेकॅनिक बोलला, गरम इंजिनात थंड पाणी, ब्लॉक गेला. मी घरी आलो त्याला सांगायला. खाटेजवळ बाबा बसले होते. चार माणसं बघायला आली होती आणि तो तीच गोष्ट सांगत होता. बाबा हसत होते. मिस्त्री, बाबांनी त्याला आयुष्यात एकदा शाबासकी दिली. एकदा. ती मी जाऊन काढून घेऊ?"

"पण नंतर? बाबा गेल्यावर? तुम्हाला चोर म्हणाला तो."

"नंतर काय. तोपर्यंत ती गोष्टच तो माणूस झाली होती." त्यांनी डोळे पुसले नाहीत, चष्मा पुसला. "तो मला चोर समजतो, समजू दे. चोर भाऊ चालतो. तुम्ही त्याला काही सांगायचं नाही."

"मग कविता?"

त्यांनी उठून लावलेलं दार उघडलं.

म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी बस स्टॉपपर्यंत चालत गेलो आणि डोक्यात तेच घोळत होतं. मूठ दादांची होती. पण तिच्यात मुलीचं लग्नही सापडलं होतं. मला वाटलं, लोखंडापुरतं खरं सांगू, माणसांचं सांगायला नको. आपण फार हुशार आहोत असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

मोहनशेठकडे गेलो तेव्हा कविताही होती. मी म्हटलं, "शेठ, जुना ब्लॉक मी डोळ्यांनी पाहिला, हातांनी चाचपला. तो तडकलाय. दुरुस्त होण्यासारखा नव्हता. कोणी विकला नाही, तुमच्या दादांच्या जमिनीवर आहे. तुम्ही बोलला होतात तसं साबित झालं."

कविताने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, धंदा सार्थकी लागला. मोहनशेठ मात्र बसूनच होते. गाड्यांचं त्यांना कळत होतं. इतकी वर्षं ती गाडी त्यांनी स्वतः राखली होती.

"कुठे तडकलाय?" त्यांनी विचारलं.

"पाण्याच्या बाजूला."

"बाहेरून?"

"बाहेरून वर. दोन आणि तीन नंबरच्या मध्ये."

पलीकडचं एक मशीन थांबलं, पुन्हा सुरू झालं. मोहनशेठनी एकदम हळू आवाजात विचारलं, "गरम इंजिनात थंड पाणी गेलं तर असंच तडकतं ना, मिस्त्री?"

मी खोटं बोलू शकलो असतो. गोठल्याने तडकतं, ओतकामात दोष असतो, अशी दहा कारणं होती माझ्याजवळ. पण आयुष्यभर इंजिनाबद्दल लोकांचं खोटं ऐकत आलो होतो, आणि स्वतःच्या तोंडाने ते बोलायला जीभ वळली नाही. मी गप्प राहिलो. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, तसं झालं. मोहनशेठ उभे राहिले, चप्पल शोधू लागले, ती पायातच होती. मग ते बाहेर पडले आणि भिंतीला वळसा घालून पलीकडे गेले. आम्ही दोघं तिथेच उभे होतो. भिंतीपलीकडची मशिनं एकेक करून बंद झाली. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, आणि मी कधी विचारलंही नाही.

दोन दिवसांनी टहिलदादांचा माणूस शेडवर आला. त्यांच्या कारखान्याचा जनरेटर माझ्याकडे कामाला होता, अर्धा जोडलेला. तो तसाच टेम्पोत घालून घेऊन गेला. "दादा बोलले, दुसरीकडे देतो." एवढंच. मी दोनदा त्यांच्याकडे गेलो, दोन्ही वेळा दादा घरी नाहीत असं कळलं. पापडाचा वास मात्र येत होता.

लग्नाचं निमंत्रण मोहनशेठनी स्वतः येऊन दिलं. हॉलच्या फाटकाशी मी उभा होतो तेव्हा ती क्रीम रंगाची गाडी आली. चालवत होते टहिलदादा, डोक्याला गुलाबी फेटा, आणि शेजारी कविता. दोनच सीट असल्यामुळे वधूपिता मागून सहाजणांत कोंबलेल्या शेअर रिक्षातून आले. फेटा हातात, घामाघूम, आणि इतके खूश की रिक्षावाल्यालाही जेवून जा म्हणत होते. गाडी थांबताना मी इंजिनाचा आवाज ऐकला. सवय जात नाही. आवाज स्वच्छ होता.

टहिलदादांनी कविताला हात देऊन उतरवलं, बायकांच्या स्वाधीन केलं आणि सरळ माझ्याकडे चालत आले. मला वाटलं, रुसवा संपला.

"जेवून जा, मिस्त्री," ते म्हणाले.

"हो दादा. दादा, मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. मी गप्प राहिलो."

"माहीत आहे. तो बोलला मला." त्यांनी फेट्याचं टोक खांद्यावरून मागे टाकलं. "माझ्या भावाला मी जिंदगीत एकच चीज दिली होती. त्याला माहीत नव्हती, म्हणून ती दिलेली होती. आता तो रोज सकाळी येऊन माझ्या पाया पडतो. मी देणारा राहिलो नाही, मिस्त्री. मी घेणारा झालो."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही बोलता आलं असतं. त्यांचं ऐकताना मला पहिल्यांदा कळलं, की मी त्यांचं जे काही उघडं पाडलं ते त्यांना झाकून ठेवायचं ओझं वाटत नव्हतं. तीच त्यांच्याजवळची ठेव होती.

तेवढ्यात हॉलच्या दारातून मोहनशेठ ओरडले, "दादा, भटजी थांबलेत. तुमच्याशिवाय सुरू नाही करायचं."

टहिलदादा वळले. पाठमोरे असतानाच त्यांनी हात वर केला आणि हाक दिली, "आलो, मोहन, आलो." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं.